आधी काय पाहायचे ते ठरवा, मग मोबाइल काढा

गोठ्यात मोबाइल आता कुणाला नवा राहिलेला नाही. दुधाचे पैसे जमा झाल्याचा मेसेज तिथेच वाचला जातो, पेंडीचा भाव तिथूनच विचारला जातो आणि गाय लंगडायला लागली की तिचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तिथूनच पशुवैद्यांना जातो. याच फोनवर जनावरांच्या वागण्याची नोंद ठेवावी, असे अनेकांच्या मनात येते आणि काही जण उत्साहाने सुरुवातही करतात. पुढे गॅलरीत क्लिपांचा ढीग साठतो. मग कुणी विचारले की ही गाय मागच्या वेळी माजावर कधी आली होती, किंवा हिचे रवंथ कधीपासून कमी झाले, तर त्या ढिगातून उत्तर निघत नाही. याला फोन जबाबदार नसतो. फोन जे दाखवाल ते साठवतो, कोणत्या जनावराकडे, किती वाजता आणि कशासाठी पाहायचे हे माणसालाच ठरवावे लागते. हे आधी ठरवले तर दहा हजारांच्या आतला साधा फोनही पुरतो. ठरवले नाही तर महागडा कॅमेराही फक्त मेमरी भरतो. पशुपालक, पशुसखी, पशुवैद्यक आणि कृषी महाविद्यालयांतले विद्यार्थी या सगळ्यांना लागू पडेल अशी नोंदीची पद्धत पुढे मांडली आहे.

आपण सहज पाहतो तेव्हा नजर कुठे जाते, याचा विचार प्राण्यांच्या अभ्यासकांनी फार बारकाईने केला आहे. केनियातल्या अंबोसेली परिसरात बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींवर एक दीर्घ निबंध लिहिला. प्राणी-वर्तनाच्या अभ्यासात तो आजही पाया मानला जातो. त्यातला मुद्दा गोठ्यालाही तंतोतंत लागू आहे. जे लक्षवेधी घडते ते टिपायचे असे ठरवले, की भांडणारी, ओरडणारी, आकाराने मोठी आणि आपल्या जवळ उभी असलेली जनावरे नोंदीत पुन्हा पुन्हा येतात. कोपऱ्यात गप्प बसलेली कालवड येतच नाही. आणि आजारी जनावर बहुतेक वेळा गप्पच असते. म्हणजे सहज काढलेल्या क्लिपा अपुऱ्या असतात एवढेच नाही, त्या चुकीच्या बाजूला झुकलेल्या असतात. त्यांची संख्या वाढवल्याने हा झुकाव कमी होत नाही. उलट पुरावा भरपूर आहे असे वाटून माणूस चुकीच्या निष्कर्षावर जास्त ठाम होतो.

माजाचेच उदाहरण घेऊ, कारण दुधाच्या धंद्यात सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो. माज हुकला की साधारण २१ दिवस वाट पाहावी लागते. ते २१ दिवस गाय खाते, पण पुढचे वेत तेवढे लांबते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ कळपांतल्या गाईंच्या पाठीवर दाब ओळखणारी उपकरणे बसवली होती. दुसरी गाय अंगावर चढली आणि ही स्थिर उभी राहिली, तर त्याची वेळ आपोआप नोंदली जात होती. सरासरी पाहता गाय सुमारे ७ तासांच्या माजात ८ ते ९ वेळा स्थिर उभी राहिली, आणि प्रत्येक वेळ होती जेमतेम काही सेकंदांची. बेरीज केली तर सगळा मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा खेळ. सात तासांत विखुरलेले ते अर्धे मिनिट तुमच्या अचानक काढलेल्या व्हिडिओत सापडेल, ही आशा लॉटरीच्या तिकिटासारखी आहे. त्यासाठी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या काळापुरते उभे राहून पाहावे लागते. सकाळी धारेच्या आधी, दुपारी गोठा शांत असताना आणि रात्री झोपण्यापूर्वी असे प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटे पाहणे हा अनेक ठिकाणी सांगितला जाणारा आणि निभावता येण्याजोगा क्रम आहे. धार आणि वैरणीची गडबड चालू असताना पाहू नये, कारण तेव्हा जनावराचे लक्ष गव्हाणीत असते.

या नोंदीत एक फरक काटेकोर ठेवा. चढणारी गाय आणि चढू देणारी गाय या दोन वेगळ्या नोंदी आहेत. जी स्थिर उभी राहून चढू देते ती माजावर आहे. जी चढते ती माजावर असेल, माजाच्या जवळ असेल किंवा नुसतीच खोडकर असेल. फॉर्ममध्ये 'माजाची लक्षणे' असा एकच रकाना ठेवला की हा फरक पुसला जातो आणि रेतन भलत्याच गाईला होते. रेतनाची वेळही याच नोंदीवर ठरते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा जुना नियम १९४० च्या दशकातल्या अमेरिकी निरीक्षणांवरून आला. वर सांगितलेल्या अभ्यासात पहिल्यांदा स्थिर उभी राहिल्यापासून ४ ते १२ तासांचा काळ सर्वांत चांगला ठरला. तेव्हा 'आज माजावर आहे' ही नोंद अपुरी आहे. 'पहिल्यांदा किती वाजता दिसले' हे त्यात हवेच. फोनचा खरा उपयोग इथे आहे, कारण बटण दाबले त्या क्षणाची वेळ तो स्वतः लिहितो, तुम्हाला आठवून लिहावी लागत नाही.

आता आपल्याकडची अडचण. वरची आकडेवारी मोकळ्या फिरणाऱ्या विदेशी गाईंची आहे. आपल्याकडे मुक्तसंचार गोठे वाढत असले तरी बहुसंख्य जनावरे दावणीला आहेत आणि कित्येक घरांत एकच गाय किंवा दोन म्हशी असतात. दावणीच्या गाईवर चढणार कोण? म्हशीत तर माद्या एकमेकींवर चढण्याचे प्रमाण मुळातच कमी असते. लक्षणे रात्री आणि पहाटे जास्त दिसतात, आणि उन्हाळ्यात मुक्या माजाची तक्रार गावोगाव असते. इथे पाश्चात्त्य फॉर्म जसाच्या तसा उचलला तर महिनाभर सगळे रकाने कोरे राहतील आणि म्हैस माजावर येतच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल. दावणीच्या जनावरासाठी यादी वेगळी करा. किती वेळा हंबरली, थोडी थोडी लघवी किती वेळा केली, काचेसारखा स्वच्छ सोट दिसला का, योनीचे ओठ सुजलेले आहेत का, वैरण उरली का, या धारेला दूध नेहमीपेक्षा किती कमी निघाले, म्हैस असेल तर पान्हा सोडायला वेळ लागला का. यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. दोन-तीन एकाच दिवशी जुळल्या आणि मागच्या तशाच दिवसापासून १८ ते २४ दिवस झाले असतील, तर मात्र पशुवैद्यांना किंवा रेतन करणाऱ्याला बोलवायला हरकत नाही. म्हणून प्रत्येक माजाच्या नोंदीबरोबर फोनच्या कॅलेंडरमध्ये १८ दिवसांनंतरचे स्मरण लावून टाका. आधुनिक गोठ्यातल्या कितीतरी महाग यंत्रणांपेक्षा हे फुकटचे स्मरण जास्त कामाला येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वरच्या यादीत एकाही ठिकाणी 'अस्वस्थ', 'उदास' किंवा 'रागीट' असा शब्द नाही, तो मुद्दाम टाळला आहे. अस्वस्थता डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते एवढेच की गाईने पाच मिनिटांत चार वेळा पाय बदलले, शेपटी हलवत राहिली, बसली आणि लगेच उठली. नोंद दिसलेल्याची करावी, अर्थ नंतर लावावा. यावर कुणी म्हणेल की ही पुस्तकी शिस्त झाली, अनुभवी माणसाला जनावर उदास आहे हे एका नजरेत कळते. कळत असेलही. पण त्या नजरेत आपल्या अपेक्षा किती मिसळलेल्या असतात, हे बेल्जियममधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना गुरांच्या धापा टाकण्याचे तेच व्हिडिओ दोनदा दाखवले गेले आणि एका वेळी तापमान खऱ्यापेक्षा ५ अंशांनी जास्त असल्याचे सांगितले गेले. चित्र तेच, जनावर तेच, पण ऊन जास्त आहे असे सांगितल्यावर विद्यार्थ्यांना धापाही जास्त दिसल्या. हे प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी होते. नवीन पेंड सुरू केल्यापासून गाई खूश आहेत असे वाटणाऱ्या मालकाचे, किंवा पेंड विकणाऱ्याचे, काय होत असेल याचा अंदाज करा. शब्द जितका मोजता येण्याजोगा, तितकी मनाची भेसळ कमी.

एकेका घटनेऐवजी जनावराचा एकूण दिवस कसा जातो हे पाहायचे असेल, म्हणजे गाई किती वेळ बसतात, किती वेळ खातात, रवंथ किती करतात, तर पद्धत बदलते. घटना क्षणात संपते, पण बसणे किंवा रवंथ करणे बराच वेळ चालते. अशा लांब चालणाऱ्या वर्तनासाठी सतत पाहत बसण्याची गरज नसते. ठरावीक अंतराने सगळ्या कळपावरून एक नजर फिरवायची आणि त्या क्षणी प्रत्येक जनावर काय करते आहे एवढेच नोंदवायचे. अमेरिकेतल्या मांसासाठी पाळलेल्या गुरांवरचा २००१ सालचा एक अभ्यास सांगतो की दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या अशा नोंदी अखंड निरीक्षणाशी चांगल्या जुळतात, मात्र अंतर फार वाढवले तर जुळत नाहीत. पाणी पिण्यासारखी थोडक्यात आटपणारी क्रिया या पद्धतीत निसटते, तिच्यासाठी ही पद्धत वापरू नका. समजा १२ गाई आहेत आणि सकाळी ७ ते ९ दर १५ मिनिटांनी नोंद घेतली, तर ९ फेऱ्यांत १०८ नोंदी होतात. त्यातल्या ५४ नोंदींत गाय बसलेली असेल, तर त्या दोन तासांत कळप निम्मा वेळ बसला, असे सरळ गणित आहे. पण हे गणित तेव्हाच खरे ठरते जेव्हा १०८ पैकी एकही नोंद गाळलेली नसते. गाय झाडामागे असेल तर 'दिसली नाही' असे लिहावे लागते, आणि विशेष काही करत नसेल तर 'काही नाही' हेही लिहावे लागते. लोक इथेच कंटाळतात. 'काही नाही' ही पन्नास वेळा दाबायची गोष्ट त्यांना फुकटची वाटते. प्रत्यक्षात त्या नोंदीशिवाय बाकीच्या नोंदींना काही मोल नाही, कारण किती वेळा रवंथ केले हा आकडा किती वेळा पाहिले या आकड्याशिवाय अर्थहीन आहे. दुभती गाय दिवसात सात-आठ तासांच्या आसपास रवंथ करते आणि दहा ते चौदा तास बसते. बसलेल्या, जाग्या गाईंपैकी निम्म्या तरी कोणत्याही वेळी रवंथ करताना दिसाव्यात, असा ठोकताळा पशुवैद्य वापरतात. हा ठोकताळा तुमच्या गोठ्यात लागू आहे की नाही, ते फक्त 'काही नाही'सकट भरलेली वही सांगू शकते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. जन्मापासून गुरांत वाढलेला माणूस म्हणेल की मला माझ्या जनावराचे सगळे तोंडपाठ आहे, हे बटणांचे खेळ शहरातल्यांना ठीक. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते हिणवू नये. उस्मानाबादी शेळ्यांचा किंवा दख्खनी मेंढ्यांचा कळप राखणाऱ्याला शंभरातली एक मेंढी मागे पडली तर मान न वळवता कळते, आणि ते कोणत्याही ॲपला जमत नाही. पण ओळखणे आणि तुलना करणे ही दोन कामे आहेत. आज ही मेंढी बरी नाही, हे नजरेला कळते. ती मागच्या पावसाळ्यात याच सुमारास अशीच होती का, नवे रान बदलल्यापासून कळपाचा चरण्याचा वेळ घटला का, जंताचे औषध दिल्यावर किती दिवसांत फरक पडला, हे स्मरणावर सोडले तर प्रत्येक जण आपल्या मताला सोयीचे तेवढे आठवतो. शिवाय कळप राखणारा बदलतो, सालगडी सोडून जातो, म्हातारे थकतात. तोंडपाठ असलेले त्यांच्याबरोबर जाते. जाणत्या नजरेला नोंदीची जोड मिळाली तर दोन्हींचे बळ वाढते, आणि मी तर म्हणेन की फॉर्ममध्ये कोणत्या खुणा घ्यायच्या हे अशा जाणत्यांनाच विचारून ठरवावे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मोबाइल हातात घेतला की नजर पडद्यावर जाते, जनावरावर राहत नाही. हे खरेच आहे. त्यावर उपाय एवढाच की नोंद करायला दोन स्पर्शांपेक्षा जास्त काही लागू नये. जनावरांची नावे टंकायला लावणारा फॉर्म दोन दिवसांत बंद पडतो. नावे आणि कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे यांची यादी आधीच भरून ठेवा, म्हणजे निवडायचे तेवढे उरते. ओडीके कलेक्ट आणि कोबोकलेक्ट ही ॲप मोफत उतरवता येतात, प्रश्न मराठीत देता येतात, नेटवर्क नसतानाही भरता येतात आणि गावात आल्यावर माहिती पुढे पाठवता येते. गुगल फॉर्मला मात्र भरतेवेळी नेटवर्क लागते, त्यामुळे घाटातल्या गायरानात किंवा दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या मेंढपाळांच्या वाटेवर तो कुचकामी ठरतो. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची बटणे करता येतात. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत लुईस लिबेनबर्ग यांनी सायबरट्रॅकर हे साधन नेमके त्यासाठीच घडवले होते, माग काढण्यात निष्णात पण अक्षरओळख नसलेल्या लोकांना नोंद करता यावी म्हणून. अक्षर येत नाही म्हणून निरीक्षण येत नाही, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. ॲप अजिबातच नको असेल तर बोलून नोंद करा. रेकॉर्डर चालू ठेवून 'सात पंधरा, गौरी बसलेली, रवंथ' असे म्हणत जा आणि रात्री वहीत उतरवा. वाऱ्याची वेळ असेल तर फोन तोंडाजवळ धरावा लागेल, एवढाच त्रास. फेरीची आठवण कंपनाच्या गजराने ठेवा, म्हणजे मधल्या वेळात फोन खिशात राहतो. आणि उन्हात पडदा दिसत नाही, शेणाच्या हाताने स्पर्श लागत नाही, हे गृहीत धरूनच मोठी बटणे आणि पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी ठेवा.

मग व्हिडिओचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण मोजक्या ठिकाणी. तासाभराचा व्हिडिओ नीट पाहायला निदान तासभर लागतो, आणि तो वेळ कुणाकडे नसतो. म्हणून व्हिडिओ तिथेच काढावा जिथे एकदा पाहून पुरत नाही. लंगडणे हे असे पहिले ठिकाण. गाईच्या चालीला १ ते ५ गुण देण्याची जी पद्धत १९९७ पासून रूढ झाली, ती मुख्यतः पाठीच्या कण्यावर उभी आहे. उभी असताना पाठ सरळ पण चालताना कमान येते, ही सुरुवात. दोन्ही वेळा कमान दिसते, ही पुढची पायरी. पाय टेकायला कुचराई दिसते तोवर दुखणे बरेच पुढे गेलेले असते. कण्याची कमान समोरून किंवा मागून दिसत नाही, म्हणून फोन आडवा धरून, गाईच्या पोटाच्या उंचीवर ठेवून, बाजूने, सपाट आणि कोरड्या जमिनीवर, आधी स्थिर उभी आणि मग दहा-बारा पावले चालताना असा व्हिडिओ घ्या. फोन फिरवू नका, झूम करू नका, गाईला हाकत धावू नका. दुसरे ठिकाण श्वास मोजण्याचे. उन्हाळ्यात दुपारी कुशीची वरखाली होणारी हालचाल अर्धा मिनिट टिपली की नंतर शांतपणे दोनदा मोजता येते. मिनिटाला ६० च्या वर श्वास जात असतील तर जनावर उष्णतेच्या ताणात आहे असे धरून सावली, पाणी आणि फवाऱ्याची व्यवस्था पाहावी. तिसरे ठिकाण म्हणजे तुम्हाला स्वतःला न समजलेले वागणे. झटके, मान वाकडी करणे, गोल फिरणे हे शब्दांत सांगताना घोळ होतो, व्हिडिओ मात्र डॉक्टरांना दाखवता येतो. पण असा व्हिडिओ पाठवून उपचार व्हॉट्सॲपवर मागू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा आणि ते आल्यावर व्हिडिओ आणि वेळा दाखवा. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने गेलेल्या फोटो-व्हिडिओचा दर्जा घटतो आणि फोटोतली मूळ वेळेची माहितीही निघून जाते, तेव्हा पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाइल जपून ठेवा.

रात्रीसाठी जुना फोन खांबाला बांधून, पॉवर बँक लावून ठेवण्याची युक्ती चांगली आहे, विशेषतः म्हशींसाठी आणि व्यायला आलेल्या गाईंसाठी. मात्र टाइम-लॅप्सच्या सोयीवर आंधळा विश्वास ठेवू नका. काही फोनमध्ये चित्रीकरण लांबेल तसे दोन चित्रांमधले अंतर आपोआप वाढते, त्यामुळे त्यावरून वेळ मोजली तर ती चुकते. दहा सेकंदांनी एक चित्र घेत असाल तर तीन-चार सेकंदांचे चढणे हमखास निसटू शकते. बसणे-उठणे पाहायला हे पुरते, माज पाहायला नाही. फ्लॅश लावू नका, मंद दिवा असू द्या. जीपीएसबद्दलही असाच गैरसमज आहे. मोकळ्या आकाशाखाली साधारण फोनचे स्थान पाचेक मीटरने इकडेतिकडे असते. रानात कळप कुठे चरला हे कळायला ते भरपूर आहे, पण गोठ्यात कोणती गाय कोणत्या कोपऱ्यात होती हे त्यावरून कधीच कळणार नाही, कारण अख्खा गोठाच त्या चुकीत मावतो. आणि फोन जनावराच्या गळ्यात बांधण्याचा प्रयोग कृपा करून करू नका. तो झुडपात अडकतो, तापतो आणि जनावराला फास बसू शकतो.

गळ्यातल्या आणि पायातल्या सेन्सरचे पट्टे आता आपल्याकडेही मिळतात, मग माणसाने हे सगळे का करावे, असा प्रश्न उरतो. मोठ्या गोठ्याला पट्टे परवडतील आणि ते घ्यावेतही. पट्टा चोवीस तास जागा असतो, माणूस नसतो. पण पट्टा फक्त हालचाल मोजतो. पावले वाढली हे तो सांगतो, ती माजामुळे वाढली, गोचिडांमुळे की शेजारी नवी गाय बांधल्यामुळे, हे त्याला माहीत नसते. त्याचे गणित बहुधा मोकळ्या गोठ्यातल्या होल्स्टीन गाईंवर बसवलेले असते. दावणीच्या पंढरपुरी म्हशीवर किंवा डोंगरात चरणाऱ्या डांगी गाईवर ते किती बरोबर येते, हे तपासायला शेवटी डोळ्यांनी केलेली वेळेसकट नोंदच लागते. म्हणजे पट्टा घेणाऱ्यालाही निदान सुरुवातीचा महिनाभर फोनवरची नोंद सोडून चालणार नाही. आणि ज्याच्या दावणीला दोनच जनावरे आहेत त्याच्यासाठी हा प्रश्नच नाही.

अभ्यासासाठी किंवा संस्थेसाठी माहिती गोळा करणाऱ्यांनी आणखी एक पायरी गाळू नये. दोन माणसांनी एकच व्हिडिओ एकमेकांशी न बोलता नोंदवावा आणि मग नोंदी समोरासमोर ठेवाव्यात. वीसपैकी सतरा जुळल्या तर ८५ टक्के जुळणी झाली, पण त्यावर लगेच समाधान मानू नका. त्या व्हिडिओत गाई जवळपास सगळा वेळ उभ्याच असतील तर डोळे मिटून 'उभी' म्हणणारेही बरेच जुळतील. योगायोगाने होणारी जुळणी वजा करून पाहण्यासाठी कोहेन यांचा कप्पा हे माप १९६० पासून वापरात आहे आणि ते साध्या स्प्रेडशीटमध्ये निघते. जिथे जुळत नाही तिथे माणसाला दोष देण्याआधी व्याख्या तपासा. 'चरते' म्हणजे तोंड गवतात असणे, की तोंड वर करून चघळणेही त्यात धरायचे? असे वाद पहिल्या दिवशी मिटवले तर तीनशेव्या नोंदीपर्यंत ते टिकतात. ज्यांना नोंदी करायच्या त्यांना शक्यतो कोणत्या गटाला कोणते खाद्य दिले हे सांगू नये, त्याचे कारण वर आलेच आहे. सगळ्या फोनची वेळ नेटवर्कवरून आपोआप घेतली जाते की नाही, हेही एकदा तपासून घ्या. दोन फोनमध्ये सात मिनिटांचा फरक असेल तर दोन नोंदी कधीच जुळणार नाहीत आणि कारण कुणाच्या लक्षात येणार नाही.

नोंद ही मालमत्ता आहे, तेव्हा ती सांभाळावी आणि उघडीही टाकू नये. आठवड्यातून एकदा दुसऱ्या ठिकाणी प्रत काढा. शेळ्या-मेंढ्यांची चोरी ही आपल्याकडची खरी अडचण आहे, म्हणून कळप कुठे बसतो याचे स्थान असलेले फोटो गटांवर टाकू नका. शेजाऱ्याच्या गोठ्यात किंवा दुसऱ्याच्या रानात चित्रीकरण करायचे तर आधी विचारा, आणि धार काढणाऱ्या बायका चौकटीत येत असतील तर त्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नका.

राहिला शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न, फोन कुणाच्या हातात असावा हा. आपल्या बहुतेक घरांत वैरण, पाणी, शेण आणि धार यांचा मोठा भाग बाईच्या वाट्याला येतो, म्हणजे जनावराजवळ सर्वांत जास्त वेळ ती असते. फोन मात्र बऱ्याचदा घरातल्या पुरुषाच्या खिशात बाहेर गेलेला असतो. अशा घरात कोणतेही ॲप चालणार नाही, कारण पाहणारी एक आणि नोंदवणारा दुसराच, तोही संध्याकाळी विचारून विचारून. तेव्हा ॲप निवडण्यापूर्वी गोठ्यात जास्त वेळ कोण असते ते बघा, फोन त्या व्यक्तीला द्या, रकान्यांची नावे तिच्या बोलण्यातली ठेवा आणि सुरुवात एकाच प्रश्नाने करा: या गाईचा पुढचा माज कधी.